रक्षा नदीत की रानात? विश्वाची कल्पना आणि आपला हात

वेण्णाकाठ

आमचे वडील, आण्णा, गेले त्याला दीड महिना झाला. तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो तेव्हा दोन मतं पडली. धाकटा भाऊ म्हणाला, रक्षा आपल्याच रानात टाकू आणि वर झाड लावू. आमच्या भागात आता बऱ्याच गावांत तसं करतात. चुलते म्हणाले, "संगम दोन कोसांवर असताना माझ्या भावाला ढेकळात ठेवायचं?" आई काहीच बोलली नाही. चुलत्यांचं ऐकून आम्ही माहुलीला, साताऱ्याजवळच्या कृष्णा-वेण्णेच्या संगमावर गेलो.

एप्रिलची अखेर होती. पायऱ्यांपाशी पाणी जेमतेम घोट्याच्या वर. भावानं गाडगं उपडं केलं, पण राख वाहिलीच नाही. पायरीपाशी पसरली आणि दुधावर साय धरावी तशी करडी होऊन तिथंच थांबली. तिथं आधीच कुणाच्या तरी फोटोची चौकट, झेंडूच्या माळा, पिशवीसकट टाकलेलं निर्माल्य आणि एक हिरवी साडी होती. चुलते ओणवे होऊन हातानं पाणी ढकलत होते, राख पुढं जावी म्हणून. सत्तरी ओलांडलेला माणूस. ते हात डोळ्यांपुढून जात नाहीत. माझ्या मुठीतली राख मी टाकली नाही. रुमालात बांधून घरी आणली, अजून फडताळात आहे.

चुलते चुकले असं मला म्हणायचं नाही. त्यांच्या मनात विश्वाचं एक चित्र आहे आणि ते फार मोठं आहे. कृष्णा म्हणजे विष्णू, वेण्णा म्हणजे शंकर, कोयना म्हणजे ब्रह्मदेव, असं कृष्णामाहात्म्यात सांगितलंय. माहुलीला हरी आणि हर एकमेकांत मिसळतात, तिथं माणूस मिसळला की सुटला. अशा नदीला घाण लागूच शकत नाही. ती सगळ्यांचं धुते, तिचं कोण धुणार, हा प्रश्नच त्या चित्रात नाही.

आता दुसरं. माझं आजोळ जावळी खोऱ्यातलं. गावाबाहेर देवराई आहे. लहानपणी तिथून मी वाळकं काटूक उचललं, चुलीला होईल म्हणून. आजी म्हणाली, "ठेव खाली. ते त्याचं हाय." एवढंच. त्या देवाचं माहात्म्य कुणी लिहिलेलं नाही, आरतीही धड नाही. पण हिरडा, जांभूळ, अंजनी आणि दोन माणसांच्या कवेत न मावणारे वेल तिथं अजून उभे आहेत. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या अशा रायांचा अभ्यास केला, तेव्हा कुठं बाहेरच्यांना कळलं की सह्याद्रीचं जुनं रान कुठं कुठं शिल्लक आहे ते.

नदीही देव, राईही देव. पूजणारी माणसं तीच. मग एक मरायला टेकली आणि दुसरी टिकली, असं का? मला वाटतं, नुसत्या थोरवीनं काही राखलं जात नाही, नेमानं, म्हणजे पाळायच्या बंधनानं, राखलं जातं. जी विश्वकल्पना आपला हात मागं घ्यायला लावते तीच उपयोगी पडते. तुमचं मत लिहा. मी अजून ठरवलेलं नाही की त्या मूठभर राखेचं काय करू.

हरिपूरकर

ताई, आण्णांना नमस्कार. आम्हीही संगमावरचेच, कृष्णा-वारणेच्या. संगमेश्वराच्या देवळातली घंटा घरात ऐकू येते.

तुमच्या नेमाच्या मुद्द्याला माझ्याकडे जोड आहे. आमच्याकडे हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खणलेले रांजणाच्या आकाराचे खड्डे, तोंड लहान आणि पोट मोठं. त्यात हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची, कारण आत प्राणवायू जवळजवळ नसायचा. पेव उघडलं की आजोबा आधी कंदील खाली सोडायचे. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. आत उतरण्याआधी मातीला हात लावून कपाळाला लावायचा. तो नमस्कार आणि तो कंदील आजोबांच्या लेखी एकच गोष्ट होती. भुईच्या पोटात जायचं तर तिला विचारून.

२००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि बरीचशी संपली. २०१९ ला तर सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या आठवड्यात आमच्या माळ्यावर चार घरं राहत होती. पाणी ओसरल्यावर आईनं आधी नदीची ओटी भरली, मग चिखल काढायला घेतला. मला तेव्हा राग आला होता. जिनं घर बुडवलं तिची ओटी? आई म्हणाली, "ती तिच्या जागेत आली. जागेत आपण गेलो." पूररेषेवर मी आजवर ऐकलेलं सगळ्यात शहाणं वाक्य ते आहे, आणि ते ओटी भरणाऱ्या बाईच्या तोंडून आलं. म्हणून थोरवी आणि नेम यांना इतकं वेगळं काढू नका.

मिरजकर

वेण्णाकाठ यांचा प्रश्न जगात अनेकांनी विचारलाय. मार्च १९६७ मध्ये लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकारानं सायन्स नियतकालिकात लेख लिहिला. माणूस सृष्टीचा धनी आणि बाकी सगळं त्याच्यासाठी निर्माण झालेलं, ही पाश्चात्त्य ख्रिस्ती धारणा पर्यावरणाच्या संकटाच्या मुळाशी आहे, असं त्याचं म्हणणं. लेखाच्या शेवटी त्यानं असिसीचे संत फ्रान्सिस यांचं नाव पुढं केलं, कारण ते पशुपक्ष्यांना भावंडं मानत. आपल्याकडे हा लेख वाचून लोक खूश होतात: बघा, आम्ही तर नदीला आई म्हणतो!

पण पुढच्याच वर्षी यी-फू तुआन या भूगोलज्ञानं चीनकडे बोट दाखवलं. ताओ आणि बौद्ध विचारांत निसर्गाशी एकरूपता ठासून भरलेली, आणि तरीही तिथली जंगलं उजाड झाली. शाईच्या काजळीसाठी पाइन जाळले, शहरं बांधायला लाकूड तोडलं. एक उदाहरण तर या धाग्यासाठीच दिल्यासारखं आहे. बौद्धांमुळे दहनाची चाल पसरली आणि दहाव्या ते चौदाव्या शतकात दक्षिण-पूर्व चीनमध्ये लाकडाची टंचाई झाली. सगळ्या जिवांवर दया करणाऱ्या धर्माचा अंत्यविधी झाडांवर उठला! मनातलं चित्र आणि हातातली कुऱ्हाड यांची गाठ आपोआप पडत नाही. ती कुणीतरी मुद्दाम बांधावी लागते.

आकाशवेडा

मी थोडं वर बघून लिहितो, तो माझा प्रांत.

कृष्णेचं चित्र नुसतं पुराणातलं नाही, आकाशातलंही आहे. गुरू कन्या राशीत आला की कन्यागत. तेव्हा गंगा कृष्णेला भेटायला येते अशी श्रद्धा. वाई, माहुली, औदुंबर, नरसोबाची वाडी, सगळीकडे पर्वकाळ. मागचा २०१६ च्या ऑगस्टात झाला. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात नेहमीच्या पाच धारांशिवाय आणखी दोन सांगतात: भागीरथी बारा वर्षांनी येते, सरस्वती साठ वर्षांनी. हे आकडे कुठून आले बघा. गुरूची सूर्याभोवतीची फेरी ११.८६ वर्षांची, शनीची साधारण साडेएकोणतीस. गुरूच्या पाच आणि शनीच्या दोन फेऱ्या साठ वर्षांच्या आसपास जुळतात. आपली साठ संवत्सरं तीच. कुणीतरी डोंगरावर बसून पिढ्यान्‌पिढ्या ग्रह पाहिले आणि ते घड्याळ एका झऱ्याच्या तोंडाशी आणून टांगलं. मला हे फार सुंदर वाटतं.

आणि ते घड्याळ सरकतं. ११.८६ म्हणजे पुरती बारा नव्हेत. बारा-बारा वर्षांच्या सात फेऱ्यांत गुरू एक रास पुढं गेलेला असतो, म्हणूनच हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर बारा नव्हे, अकरा वर्षांनी, २०२१ ला आला. आपल्या पावसाच्या नक्षत्रांचंही तेच. सूर्य मृगात जातो ७-८ जूनच्या सुमारास. पण निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेलं, वर्ष हे ऋतूंच्या वर्षापेक्षा साधारण वीस मिनिटांनी मोठं, त्यामुळे दर सत्तरेक वर्षांनी एक दिवसाचा फरक पडतो. ज्योतिषी वराहमिहिरापासून, म्हणजे सहाव्या शतकापासून, वीसेक दिवस सरकलेत. त्याच्या काळी सूर्य मृगात शिरायचा तेव्हा ऋतूच्या हिशेबानं आजचा मेचा मध्य असायचा. म्हणजे तरणा, म्हातारा, सासूचा, सुनेचा ही पावसाची नावं आणि "पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती" यांसारख्या म्हणी प्रत्येक काळातल्या शेतकऱ्यांनी शिवाराकडे बघून जुळवत आणल्या असणार. नुसतं पंचांग पाहून हे होत नाही, बांधावर उभं राहावं लागतं. आता पाऊसच वेळापत्रक मोडायला लागलाय तेव्हा तर जास्तच.

राखेबद्दल एक. चितेनंतर जे उरतं ते मुख्यतः हाडांतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट. हे कॅल्शियम सूर्यासारख्या ताऱ्यात तयार होत नाही. त्याच्याहून कितीतरी मोठे तारे पेटून फुटले तेव्हा ते तयार होऊन अवकाशात उधळलं गेलं. आपला सूर्य जन्मायच्याही आधी. "पिंडी ते ब्रह्मांडी" हे शब्दशः खरं आहे, ताई. तुमच्या फडताळात आण्णा आहेतच, त्यांच्या आधीचे तारेही आहेत.

वेण्णाकाठ

आकाशवेडादादा, तुमचं शेवटचं वाक्य मी आईला वाचून दाखवलं. तिनं पदरानं फडताळाची काच पुसली.

पण तुमच्याच शब्दावर विचारते. सगळंच ताऱ्यांतून आलं म्हटलं की घाटावरची प्लॅस्टिकची पिशवीही ताऱ्यांतूनच आली. सगळं एक आहे या विचारानं मन भरून येतं, पण काय टाकावं आणि काय टाकू नये हे तो विचार सांगत नाही. मला तिथंच अडायला होतं.

शिराळकर

मी बत्तीस शिराळ्याचा. आमची नागपंचमी सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे जपून लिहितो.

नागपंचमीला नांगर धरायचा नाही, भुई खणायची नाही, चिरायचं नाही, तव्यावर काही टाकायचं नाही. ऐन पावसाळ्यात, बिळात पाणी शिरून साप वर आलेले असतात तेव्हाचा हा नेम. आमच्या गावात जिवंत नाग पूजेला आणत आणि मग जिथून आणला तिथंच नेऊन सोडत. हाही नेमच. पण गर्दी वाढली, मिरवणुका आल्या, कुणाच्या नागाची फणा किती उंच याच्या स्पर्धा लागल्या. थोरवी वाढत गेली आणि नेम पातळ झाला. शेवटी १९७२ चा वन्यजीव कायदा आणि न्यायालयाचा आदेश यांनी पकडणं थांबवलं. गावाला ते लागलं, मलाही लागलं. आज मागं वळून बघताना वाटतं, आम्ही आमचा नेम राखला असता तर बाहेरून कुणी तो घालायला आलं नसतं.

माझी आजी सांगायची, पृथ्वी शेषाच्या मस्तकावर आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा घरातली माणसं पांघरुणासकट अंगणात आली. आजी म्हणाली, "एवढं पाणी एका जागी साठवलं, त्याला भार सोसंना." पुढं भूशास्त्रज्ञांनी कोयनेचं नाव जगभर नेलं, धरणाच्या पाण्यामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचं ठळक उदाहरण म्हणून. पाण्याचा भार आणि खोल भेगांत मुरलेल्या पाण्याचा दाब. आजीला भेगा माहीत नव्हत्या, शेष माहीत होता. भार मात्र तिनं बरोबर ओळखला. भुईला सोसण्याची एक मर्यादा आहे, हे तिच्या कहाणीतच होतं.

कण्हेर

सगळे नेमाचं गुणगान करताय म्हणून लिहिते.

नेम कुणी घातले आणि कुणावर? पाणी पवित्र म्हणून ते आमच्या हातानं बाटायचं. बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या शाळेत लागलं, ७ नोव्हेंबर १९००. पुढच्याच वर्षी ते, त्यांचा भाऊ आणि भाचे वडिलांना भेटायला निघाले, मसूर स्टेशनावर उतरले. जात कळल्यावर गाडीवान मिळेना. कसाबसा मिळाला, तर रात्रभर सोबतचा डबा उघडूनही घास उतरेना, कारण प्यायला कुणी पाणी दिलं नाही. नऊ-दहा वर्षांची मुलं. त्या पाण्यालाही देवताच मानत होते ना? त्या विश्वाच्या चित्रात प्रत्येकाची जागा ठरलेली होती आणि आमची पाणवठ्याच्या बाहेर.

कितीतरी राया अशा आहेत जिथं बाईनं पाऊल टाकायचं नाही. वेण्णाकाठताई, तुमच्या आजीनं काटूक ठेवायला सांगितलं ते मला पटतं. पण झाडाला हात लावू नको आणि पाण्याला हात लावू नको, हे दोन्ही नेम एकाच कपाटातून निघालेत. निवड करूनच उचलावे लागतील.

वेण्णाकाठ

ताई, हे मला सुचलं नव्हतं आणि सुचायला हवं होतं. आजोळच्या राईत मी लहान होते म्हणून आत गेले. मोठेपणी आत गेलेली नाही. त्याचं कारण मी कधी विचारलंच नाही.

येरळाकाठ

कण्हेरताईंच्या प्रश्नाला उत्तर म्हणून नाही, सोबत म्हणून लिहितो.

सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बळीराजा धरण आहे, बलवडी-तांदूळवाडीचं. १९८२ च्या गिरणी संपात मुंबईहून परत आलेली माणसं आणि दुष्काळानं पिचलेले शेतकरी एकत्र आले. तेव्हा येरळेची वाळू ट्रकच्या ट्रक भरून बाहेर चालली होती. वाळू गेली की नदीच्या पोटात पाणी धरायला काही उरत नाही, काठच्या विहिरी बसतात. लोक म्हणाले, वाळू आमची. बेसुमार उपसा थांबवा. थोडी आम्ही विकू आणि त्या पैशातून धरण बांधू. बांधलं. आणि पाण्याच्या वाटपात नेम घातला: घरटी समान वाटा, ज्याला जमीन नाही त्यालाही.

नाव बळीराजाचं का? दिवाळीत घराघरांत बाया ओवाळताना म्हणतात, "इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो." वामनानं तीन पावलांत पृथ्वी, आकाश आणि बळीचं मस्तक घेतलं ही कथा एका बाजूनं सांगितली जाते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' या पुस्तकात ती दुसऱ्या बाजूनं सांगितली. फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, इथून फार लांब नाही. त्यांनी विश्वाच्या कर्त्याला निर्मिक म्हटलं, त्याच्यापुढं सगळी लेकरं सारखी. आणि हाच माणूस शेतकऱ्याचा असूड लिहिताना डोंगरावरचा पालापाचोळा, पानाफुलांचं आणि मेलेल्या जनावरांचं सत्त्व पावसाबरोबर वाहून शिवारात कसं येतं, आणि जंगल खात्यानं डोंगर बंद केल्यावर शेतकऱ्याचं काय झालं, हे सांगतो. ताली घाला, बंधारे बांधा, मातीचं सत्त्व अडवा म्हणतो. समतेचा विचार आणि मातीचा विचार त्यांच्या लिहिण्यात वेगळे काढताच येत नाहीत.

नेम जुनाच पाहिजे असं कुठं आहे? नवा घालता येतो. आम्ही घातलेला मी पाहिलाय.

हरिपूरकर

येरळाकाठ, हे वाचून अंगावर काटा आला. सज्जनगडावर जाणाऱ्या किती जणांना माहीत असेल, दासबोधाच्या सोळाव्या दशकात सूर्य, पृथ्वी, आप, अग्नी, वायू यांच्यावर एकेक समास आहे ते. पुढच्या वेळी गडावर गेलो की ते पाच समास बसून वाचणार, आणि उतरताना उरमोडी धरणाच्या पाण्याकडे बघणार.

माणदेशी माती

इतके दिवस वाचतोय, लिहिलं नाही. आमच्याकडे बोलायला वाहती नदी नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो, आमच्या माण तालुक्याला पाचशेच्या आसपास, आणि जिल्हा एकच, सातारा. आमचं विश्व म्हणजे शंभू महादेवाचा डोंगर आणि वरून जाणारे ढग.

चैत्रात शिंगणापूरला कावडी येतात, मुंगी घाटानं वर चढतात. पाण्याचे जड हंडे खांद्यावर, दोर आणि हातांची साखळी धरून. देवाच्या डोक्यावर पाणी घालायचं म्हणून माणसं एवढा कडा चढतात. लहानपणी मला वाटायचं, हेच पाणी गावाला द्यावं. आता वाटतं, ज्याला पाण्याचा हंडा खांद्यावर घेऊन कडा चढायला लागतो, त्याला पाण्याचं वजन कळतं. नळाची तोटी फिरवणाऱ्याला ते कळत नाही.

ताई, राखेचं ठरलं का?

वेण्णाकाठ

ठरलं. काल केलं.

हा धागा चुलत्यांना दोन संध्याकाळी वाचून दाखवला. शिराळकरांच्या आजीपाशी त्यांनी थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. कण्हेरताईंचं ऐकून गप्प झाले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाणी ढकलत होतो तवाच कळलं होतं मला. पण तुमच्यापुढं कसं म्हणायचं?"

ओढ्याच्या वळणावर आमची अर्ध्या गुंठ्याची पड आहे, तिथं उंबर लावला. आईनं स्वतः रुमाल सोडला. राख मातीत कालवताना बोटांना हाडाचा बारीक कण लागला तर तिनं तो वेगळा धरून बघितला आणि मग सोडला. चुलते सोबत माहुलीच्या पाण्याची बाटली घेऊन आले होते, ते पाणी त्यांनी मुळाशी ओतलं. मग नेम घालायची वेळ आली. भाऊ म्हणाला, या तुकड्यात कोयता न्यायचा नाही. चुलते म्हणाले, पडलेली काडीही उचलायची नाही. मी म्हटलं, इथं कुणीही यायचं, कुठल्याही घरचं, बाईमाणूस कुठल्याही दिवशी. चुलत्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. आईनं विचारलं, उंबरं पिकून पडली तर? त्यावर तिघंही विचारात पडलो. आईच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पाखरं खातील."

एक अडचण आहे. पाऊस अजून लागलेला नाही आणि ओढा कोरडा पडलाय. रोप हातभर आहे. रोज घागर न्यायला आईला जमणार नाही. काय करावं?

माणदेशी माती

मातीचं मडकं घ्या, झिलई नसलेलं. बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात घाला. रोपापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा आणि वर झाकण ठेवा, नाहीतर डास होतील. तीन-चार दिवसांनी एकदा भरलं की पुरतं. मुळं वातीकडे येतात. बुंध्याभोवती वाळला पाला चांगला चार बोटं जाड पसरा, पण बुंध्याला टेकवू नका, वाळवी लागते.

पाला बाहेरून आणा. तिथला उचलायचा नाही असं ठरलंय ना.